कोण जातंय शाळेत, तुम्ही की ती?

ती. आजी,
सा. न. वि. वि.

हा मायना तुम्हाला कळणार नाही, आणि त्याखालचं पत्रही नाही. माझं जर्मन बी-वनची परीक्षा पास होण्यापुरतं आहे. नळ गळतोय हे घरमालकाला सांगता येतं, पावतीवर वाद घालता येतो, पण आभार मानायला गेलं की ‘फीलन डांक’च्या पुढे गाडी सरकत नाही. तुम्हाला ते मी इतक्यांदा म्हटलंय की आता तुम्ही मान हलवून मोकळ्या होता. म्हणून मराठीत लिहितोय, आणि चार लोकांसमोर लिहितोय. इथे म्युनिकमध्ये आमच्यासारखे बरेच आईबाप आहेत, त्यांची पोरं पुढच्या सप्टेंबरला पहिलीत जातील. तुम्हाला नाही तर त्यांना तरी कळेल.

त्यांच्यासाठी आधी तुमची ओळख. वय सत्तरीच्या आसपास, चमकत्या पट्ट्यांचा कोट, हातात ताटलीएवढी गोल पाटी. शाळा भरायच्या आधी अर्धा-पाऊण तास आमच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, पोरं जमली की पाटी वर करून रस्त्यात उतरायचं, गाड्या थांबवायच्या, पोरांना पलीकडे सोडायचं. पोरांना रस्ता ओलांडून देणारी ही माणसं जर्मनीत १९५३ पासून आहेत. आधी मोठ्या वर्गातली मुलंच हे काम करायची, पुढे मोठी माणसंही आली. आमच्या गावाकडे शाळा सुटल्यावर एसटी स्टँडसमोर एखादा हवालदार शिट्टी वाजवतो, त्याच्या जागी तुम्ही. फक्त शिट्टीची गरज तुम्हाला कधी पडली नाही, आवाज पुरतो.

शाळा १६ सप्टेंबरला सुरू झाली. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, शाळा सगळ्यांच्या शेवटी उघडतात, ऑगस्ट पूर्ण सुट्टीचा. कराडहून आईचा फोन आला, “अरे, पितृपक्षात लेकराला शाळेत घालतोस?” आता जर्मन सरकारला पंचांग कोण दाखवणार! तिला म्हटलं, खरा मुहूर्त आपण दसऱ्याला धरू, तोवर ही नुसतीच जाऊन बसेल. पण नुसतं जाऊन बसणं कसलं? पेन्सिलींचा डबा, रंगीत खडू, चाररेघी वह्या, प्रत्येक विषयाच्या वहीला ठरलेल्या रंगाचं कव्हर, आणि एकेका पेन्सिलीवर नावाची चिठ्ठी. मी आणि बायको रात्री साडेबारापर्यंत पेन्सिलींना नावं चिकटवत बसलो होतो. आमच्या वेळी नवी पुस्तकं आली की त्यांना खाकी कव्हर घालायचं आणि मधोमध नाक खुपसून वास घ्यायचा, एवढीच तयारी. दप्तर युरियाच्या पोत्याचं.

आणि तो शंकू. शुलट्यूटं. पहिल्या दिवशी प्रत्येक पोराच्या हातात त्याच्याच उंचीला टेकेल असा पुठ्ठ्याचा शंकू, आत खाऊ आणि खेळणी. ही रीत पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी-थुरिंगियाकडून आली, दोनशे वर्षं जुनी. पूर्वेकडे अजूनही तो षट्कोनी करतात, इकडे गोल. आमच्या शंकूत चॉकलेटं होतीच, पण बायकोने तळाशी बेसनाचे चार लाडू ठेवले. तुपाने पुठ्ठा ओला झाला आणि शाळेच्या पटांगणात सगळ्यांच्या देखत बूड सुटलं. लाडू घरंगळत गेले. लेक रडायच्या बेतात होती, तेवढ्यात शेजारच्या पोराने एक उचलला, फुंकला, आणि खाल्ला. तिथेच तिची पहिली मैत्री झाली. पण तुम्ही त्या दिवशी नव्हतात, हे आपलं सांगता सांगता आलं.

तुमची-माझी गाठ दुसऱ्या दिवशी पडली. मी एका हातात लेकीचा हात धरलेला, दुसऱ्या खांद्यावर तिचं ते खोक्यासारखं दप्तर, त्यावर घोड्याचं चित्र. तुम्ही आधी दप्तराकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि विचारलंत, “वेअर गेट इन डी शूलं, झी ओडर झी?” मला वाटलं मला ऐकू आलं नाही. जर्मनमध्ये आदराचं ‘तुम्ही’ही ‘झी’ आणि ‘ती’ही ‘झी’. कोण जातंय शाळेत, तुम्ही की ती? विनोद मला घरी पोचल्यावर, जिना चढताना कळला. तोवर मी दप्तर शाळेच्या दारापर्यंत वाहून आलो होतो.

पुढच्या दिवशी दप्तर तिच्या पाठीवर होतं. पण हात मी सोडला नव्हता.

इथे पहिलीच्या पोरांनी एकट्याने चालत शाळेत जावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. शाळेने सुट्टीआधीच नकाशा दिला होता, कुठल्या गल्लीतून जायचं, कुठे ओलांडायचं. पोरांना पिवळ्या टोप्या दिल्या. पालकसभेत बाईंनी सांगितलं, पहिले काही दिवस बरोबर या, मग हळूहळू मागे राहा. सगळे माना डोलावत होते, मीही डोलावली, आणि मनात म्हटलं, ही सहा वर्षांची आहे हो. गंमत अशी की मी स्वतः सहाव्या वर्षी दोन किलोमीटर चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचो. मधे ओढा. जूनमध्ये शाळा उघडायची तीच पावसात, ओढ्याला पाणी आलं की कोणी तरी मोठं पोर आम्हाला पाठुंगळी घेऊन पार करायचं. माझ्या बापाने मला एकदाही शाळेत सोडलेलं आठवत नाही. ते सगळं मला अभिमानाने सांगता येतं, पण स्वतःच्या लेकीला चारशे मीटर एकटं सोडताना हात सुटत नव्हता. गावात वाटेवरचं प्रत्येक घर ओळखीचं होतं. इथे कोण आहे ओळखीचं, असं मी बायकोला म्हणायचो. ती म्हणायची, “ती पाटीवाली आजी आहे की.”

सप्टेंबरच्या शेवटी तुम्ही मला कोपऱ्यावरच अडवायला लागलात. पोरगी पलीकडे गेली की पाटी माझ्यासमोर आडवी. मी तिथूनच तिची पिवळी टोपी शाळेच्या फाटकात शिरेपर्यंत बघायचो. तुम्ही मधल्या वेळात माझं जर्मन सुधारायचात, ते मात्र सुधारलं नाही.

मग चेस्टनटचा प्रकार झाला. कोपऱ्याच्या अलीकडे ते भलंमोठं झाड आहे, त्याखाली काटेरी बोंडं फुटून चकचकीत तपकिरी बिया पडायला लागल्या. लेकीने खिसे भरले, मीही पिशवी भरली. शिंगाड्यासारखे उकडावेत, असा बेत. तुम्ही पिशवीत डोकावलात आणि किंचाळलात. “निश्त एसन!” खायचे ते चेस्टनट वेगळे, हे घोड्याचे, पोट बिघडवणारे. मग म्हणालात, युद्धानंतरच्या टंचाईत तुमची आई हेच कुटून, पाण्यात भिजवून त्या पाण्यात कपडे धुवायची, फेस येतो. मी म्हटलं, रिठा! तुम्हाला रिठा माहीत नाही, मला तुमचं चेस्टनट माहीत नव्हतं, पण फेसाचं आपल्याला दोघांना कळलं. त्या संध्याकाळी आम्ही त्या बियांना काड्या टोचून माणसं केली, इथली सगळी पोरं करतात तशी. ती अजून खिडकीत उभी आहेत, सुरकुतली आहेत बिचारी.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. खरं तर हे आधी यायला हवं होतं, पण लाज वाटते म्हणून लांबवत होतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर एक दिवस धो धो पाऊस होता. उठायला उशीर झाला, मला आठ वाजता ऑफिसची मीटिंग. लेकीला गाडीत घातलं. शाळेसमोर जागा नव्हती म्हणून कोपऱ्यावर, झेब्रा पट्ट्यांना लागून, ‘एकच मिनिट’ म्हणत गाडी उभी केली. दार उघडतोय तोच बॉनेटवर धाडकन् आवाज. तुम्ही पाटी आपटली होती. पावसात भिजत तुम्ही मला जे बोललात त्यातलं मला अर्धंच कळलं, पण तेवढंही पुरेसं होतं. मागच्या गाड्यांतले लोक बघत होते. लेक मागच्या सीटवर गप्प. मी काही तरी पुटपुटलो आणि गाडी काढली.

तीन दिवस मी दुसऱ्या गल्लीने गेलो. बायकोला म्हटलं, इथल्या लोकांना नियम म्हणजे देव, पावसात पोर भिजेल त्याचं काही नाही. आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी लेकच म्हणाली, आजीकडूनच जायचं. आणि चालता चालता सांगितलं, त्या दिवशी आपल्या गाडीच्या पुढे लुकास होता. (नाव बदललंय.) लाडू फुंकून खाणारा तोच पोरगा. तो पट्ट्यांवर पाय टाकत होता आणि आमच्या गाडीमुळे त्याला पलीकडून येणारी व्हॅन दिसत नव्हती, व्हॅनवाल्याला तो दिसत नव्हता. तुम्ही एका हाताने त्याची कॉलर धरली होतीत आणि दुसऱ्या हाताने माझ्या बॉनेटवर पाटी मारली होती. मला ती पाटीच तेवढी दिसली.

त्या दिवशी मी कोपऱ्यावर गुडघ्यांवर बसून पाहिलं. लोक बघत होते, बघू देत. एक मीटर पंधराच्या उंचीवरून उभ्या गाडीपलीकडचं काहीही दिसत नाही. भिंत असते ती. तुम्ही मला तसं बसलेलं पाहिलंत, काही बोलला नाहीत, पोरं जमली तशी पाटी उचलून रस्त्यात उतरलात.

माफी मी तेव्हाच मागायला हवी होती. जर्मन सुचलं नाही हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

त्यानंतर चारच दिवसांनी नरकचतुर्दशी, सोमवार, २० ऑक्टोबर. इथे कसली दिवाळीची सुट्टी! पहाटे पाचला उठून लेकीला तेल-उटणं लावलं, अंघोळ, नवा फ्रॉक, त्यावर जाड जाकीट, त्यावर पिवळी टोपी. साडेसातला झुंजूमुंजूच होतं, दिवसच इतका उशिरा उगवायला लागलेला. कराडात मोती साबणाच्या वासात आणि फटाक्यांच्या धुरात जी पहाट असते, ती इथे दप्तर घेऊन निघाली होती. तुम्ही लेकीच्या केसांचा वास घेतलात आणि विचारलंत, हे काय? तिने सांगितलं, “डास इस्ट उटणं.” मी स्टीलचा डबा पुढे केला, करंज्या, चकल्या, आणि बायकोने पाठ करून घेतलेल्या जर्मन वाक्यात माफी मागितली. व्याकरण बरोबर होतं म्हणे. तुम्ही डब्यातून चकली काढलीत, फिरवून पाहिलीत, आणि पुढच्या गाडीला पाटी दाखवत तोंडात टाकलीत.

डबा आठवड्याने परत आला तो भरून. प्लमचा दाची, म्हणजे इकडचा केक, आंबटगोड, तळाशी पीठ मऊ झालेलं. भांडं रिकामं परत करायचं नाही हे तुम्हाला कोणी शिकवलं, मला विचारायचंय.

२६ ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागे गेली आणि सकाळी पुन्हा उजेड आला, तेव्हा मी कोपऱ्याच्याही अलीकडे, चेस्टनटखाली थांबायला लागलो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुट्टीनंतर बिल्डिंगच्या दाराशी. ११ तारखेला सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत सगळ्या पोरांच्या हातात कागदी कंदील, आमच्या लेकीच्या काठीला दिवाळीतला छोटा आकाशकंदील. तुम्ही तिथेही पाटी घेऊन होतात. सुट्टी घेता की नाही कधी?

आमच्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात येते, वार्षिक परीक्षेच्या सुमाराला. पिंपळ खराटा झाला की पोटात गोळा यायचा, अजून पाढे पाठ नाहीत. इथे उलटं, पोरं शाळेत जायला लागतात तेव्हाच झाडं उतरायला लागतात. सप्टेंबरमध्ये मी बाल्कनीत उभा राहिलो तर समोर नुसतं ते चेस्टनट, हिरवं, कडा करपलेलं. कोपरा दिसायचाच नाही. म्हणूनच तर मी खाली उतरत होतो. ऑक्टोबरभर एकेक फांदी मोकळी होत गेली. गेल्या सोमवारी लेक म्हणाली, “बाबा, तू वरच थांब, थंडी आहे,” आणि जिना उतरून गेली. मी बाल्कनीत आलो. झाड पार उघडं. त्याच्या फांद्यांमधून पिवळी टोपी चालत गेली, थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, तुम्ही पाटी वर केलीत. ती पलीकडे गेली. मग तुम्ही वळून वर पाहिलंत, मला तिसऱ्या मजल्यावर शोधलंत, आणि पाटीनेच खूण केलीत, आत जा.

मी गेलो.

डब्याचं झाकण तुमच्याकडेच राहिलंय. घाई नाही, लेकीबरोबर पाठवलंत तरी चालेल.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा