जुनी फाईल पाठवा ना

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर माझ्या लहानपणच्या कावासाकीचा, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या त्या आजाराचा, विषय काढला की आई तू लगेच "ते झालं गेलं, पूर्ण बरी झालीस तू" म्हणतेस आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय. आधी हे वाचा की मला काहीही झालेलं नाही. दम लागत नाही, छातीत दुखत नाही, इको नॉर्मल आलाय. पण आमचा बाळाचा विचार चाललाय म्हणून इथे इंदूरला कार्डिओलॉजिस्टना दाखवलं, तर त्यांनी पहिलं हेच विचारलं की लहानपणी कावासाकी झाला तेव्हा कोरोनरीतला, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीतला, फुगा किती एमएमचा होता.

आई, तू सांगतेस ना, ताप उतरेचना, डोळे लाल पण चिपडं नाहीत, जीभ लालभडक दाणेदार, ओठ फुटलेले, आणि नंतर बोटांच्या टोकांची कातडी नखाजवळून सुटून पापुद्रे निघायला लागले, ते सगळं या आजाराचंच आहे. डॉ. तोमिसाकु कावासाकींनी जपानमध्ये १९६१ साली असा पहिला पेशंट बघितला, १९६७ साली त्यावर लिहिलं, आणि कशामुळे होतो ते अजूनही पक्कं कळलेलं नाही. दहा दिवसांच्या आत आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देतात ते अँटिबॉडीजचं औषध, मिळालं तर फुग्यांचं प्रमाण चार-पाच टक्क्यांवर येतं, नाही मिळालं तर साधारण चारातल्या एका पोराला होतात. ग्वाल्हेरला तेव्हा आधी गोवर म्हणाले, मग अँटिबायोटिक बदलत बसले, तुम्ही मला उचलून दिल्लीला नेलंत तोवर ते दिवस उलटून गेले होते. बाबा, तुम्ही नेलंत म्हणून निदान तरी झालं, हे मी मनापासून सांगतेय, उगाच मनाला लावून घेऊ नका.

आता मुद्दा. माझा फुगा दोन वर्षांत गेला, अर्ध्याहून जास्त फुगे असे जातात. पण गेला म्हणजे आतली वाट परत नॉर्मल मापाची दिसते, भिंत मात्र जाड आणि कडक झालेली असू शकते, आणि आतलं अस्तर पूर्वीसारखं काम करेलच असं नाही. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने वाहिनी गरजेप्रमाणे रुंदावते. संशोधनात हे दंडावर तपासतात, हाताला बीपीसारखा पट्टा पाच मिनिटं घट्ट आवळतात, सोडला की रक्त जोरात धावतं आणि निरोगी वाहिनी लगेच फुलते, ती किती फुलली ते सोनोग्राफीवर मोजतात. ज्यांना फुगे होते त्यांच्यात ती बऱ्याचदा कमी फुलते. ज्या पोरांना फुगे झालेच नाहीत त्यांच्याबद्दल मात्र अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत, आणि ती बहुतेक नॉर्मलच जगतात.

म्हणून माझं चेकअप आयुष्यभर चालू राहणार, मला त्याचं टेन्शन नाही. बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर बघत राहायचं, सिगरेटच्या धुराजवळसुद्धा जायचं नाही, रोज चालायचं. गरोदरपणात हृदयावर कामाचा बोजा वाढतो म्हणून डॉक्टर आधीच सगळं बघून ठेवतायत, कदाचित सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन, करतील, त्याआधी जुनं माप हवंय.

आणि आई, सासरी मी सगळं सांगितलंय. तुला वाटायचं पोरीला हार्टचं काही म्हटलं की लोक नाव ठेवतील, तुझी काळजी कळते मला, पण लपवलं असतं तर उद्या इमर्जन्सीत डॉक्टरांना कोण सांगणार होतं? सासूबाईंनी उलट चांगल्या गायनॅकचं नाव काढून दिलं.

तर बाबा, दौलतगंजच्या घरात तुमच्या कपाटात वरच्या खणात ती निळी फाईल असेल. इकोचे सगळे कागद, पुढची-मागची बाजू दोन्ही, उजेडात फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करा, डिस्चार्ज कार्ड पण. शाई पुसट झाली असेल तरी पाठवा. सापडलं नाही तर मी रविवारी फोन करते, मिळून शोधू.

तुमची,
सोनू