खाज, लाज आणि साखर

महोदय,

मी डिचोलीत शिवणकाम करते. पावसाळ्यात दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं आणि चार दिवसांत खाली खाज, दह्यासारखा पांढरा स्राव. शेजारीण म्हणाली, जंतुनाशक घालून धू. आग दुप्पट! नवऱ्यावरही उगाच संशय घेतला.

शेवटी म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कॅन्डिडा ही बुरशी अनेकींच्या योनीत थोडी असतेच. तिला आवरणारे चांगले जिवाणू औषधाने मेले की ती माजते. गरोदरपणात, मधुमेहातही ती माजू शकते. क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशक औषधाने आराम पडला. पण दोन महिन्यांत पुन्हा तेच, म्हणून रक्त तपासलं, तर साखर वाढलेली! ते बुरशीचं औषध मागताना दुकानात मी अजूनही चिठ्ठीच पुढे करते.

— एक वाचक, डिचोली