तारीख नाही म्हणून रडू नकोस

प्रिय बाळा, सलाम.

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे बसले होते, तू विचारलंस पप्पा मी खरंच ख्रिस्ती आहे का, आणि मी म्हटलं अरे आहेसच की, हे काय विचारणं झालं, जेवलास का. फोन ठेवला आणि मग मला रात्रभर झोप नाही. पोरानं आयुष्यात पहिल्यांदा मला एवढा मोठा प्रश्न विचारला आणि मी पाहुण्यांच्या नादात तो उडवून लावला. म्हणून आता मोबाईलवरच टाइप करतोय, लई मोठं होणार आहे, निवांत वाच.

मम्मीनं नंतर सगळं सांगितलं. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे त्या मोठ्या ख्रिस्ती सभेत, वक्त्यानं विचारलं की ज्यांना आपल्या नव्या जन्माची तारीख माहीत आहे त्यांनी हात वर करा, आजूबाजूच्या सगळ्या पोरांचे हात वर गेले, तुझा खालीच राहिला आणि रूमवर येऊन तू रडलास. त्यात तुझा रूम पार्टनर म्हणाला तुमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत ना, मग हा कसला जन्म.

पार्टनरचं आधी सांगतो, ते सोपं आहे. त्याला म्हणावं पुनर्जन्म म्हणजे मेल्यानंतर दुसरा देह, आणि प्रभू येशू निकदेमाला जे बोलला, की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही, ते जिवंतपणी, ह्याच देहात, ह्याच नावागावात. गंमत म्हणजे निकदेमाचा पण तोच घोटाळा झाला होता, एवढा मोठा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहुद्यांचा अधिकारी, आणि विचारतो काय तर म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाईल. योहानाचा तिसरा अध्याय परत एकदा वाच. तिथं मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे ना, आनोथेन, त्याचे दोन अर्थ होतात, एक नव्याने आणि दुसरा वरून. निकदेमानं पहिला अर्थ धरला आणि अडकला. प्रभूला म्हणायचं होतं हा जन्म वरून येतो, तू स्वतःला जन्म देऊ शकत नाहीस, आईच्या पोटातून येताना तरी तू काय केलं होतंस.

आता खरं बोलायचं ते.

आपल्या घरात चार पिढ्या विश्वास आहे. १८५२ ला अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापूरला आले, त्या मिशनच्या मंडळीत तुझे पणजोबा होते, रजिस्टरला माझं नाव आहे, तुझं पण आहे, तू तीन महिन्यांचा असताना पाळक साहेबांनी बाप्तिस्म्याला तुझ्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तू एवढा ओरडलास की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पण हसल्या. पण योहानानं पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलंय की देवाची लेकरं रक्तातून जन्मत नाहीत. म्हणजे चार पिढ्या मोजून काही होत नाही. हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं, आणि तोपर्यंत मी मंडळीचा पंच होतो, संडे स्कूल शिकवत होतो, ख्रिसमसला कॅरल पार्टी घेऊन अख्खी शाहूपुरी फिरत होतो.

तुला माहीत आहे मी दारूला कधी शिवलो नाही. मोठं पाप असं काही नव्हतं, निदान लोकांना दिसेल असं. म्हणूनच आपण कसे बदललो ह्याच्या लोकांच्या साक्षी ऐकल्या की मला वाटायचं आपल्याला काय गरज, आपण तर आधीच चांगले.

तेव्हा मी उद्यमनगरात एका फाउंड्रीत सुपरवायझर होतो. २००९ ची गोष्ट, तू पाच-सहा वर्षांचा. कास्टिंगमध्ये ब्लो होल येतात हे तू पाहिलंयस, साच्यात गॅस अडकला की लोखंडात भोकं राहतात. असा माल रिजेक्ट करायचा, फोडायचा आणि परत भट्टीत टाकायचा, दुसरा मार्ग नाही. पण रिजेक्शन वाढलं की सुपरवायझरला बोलणी, म्हणून मी काय करायचो, भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, वरून प्रायमर मारायचा आणि डिस्पॅचला पाठवायचं. कुणाला कळत नाही. दोन-तीन वर्षं कळलं नाही. मग एकदा पंपाच्या बॉड्यांचा एक लॉट परत आला, प्रेशर टेस्टला सगळीकडून पाणी झिरपत होतं. मालक भडकला. तेव्हा लांबी भरायच्या कामाला एक पोरगा होता, कागलकडचा, वीस-एकवीस वर्षांचा, मीच त्याला सांगायचो आणि तो करायचा. मालकानं विचारलं हे कुणी केलं, तर सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि मी गप्प बसलो. त्या दिवशीच त्याचा हिशोब करून काढून टाकलं. जाताना तो मला काही बोलला नाही, नुसता बघून गेला.

आणि मी त्या रविवारी संडे स्कूलमध्ये जक्कयाचा धडा शिकवला. जक्कय म्हणजे तो जकातदार, ज्यानं फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. खरं सांगतो, तोच धडा होता.

तीन-चार महिने गेले. प्रभुभोजनाचा रविवार होता, भाकरीचं ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं आणि माझा हात उचलेना. कुणी रागावलं नव्हतं, उपदेश पण काही वेगळा नव्हता, प्रेषित पौलानं करिंथकरांस पत्रात लिहिलंय ना की माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी, एवढंच पाळक साहेब नेहमीसारखं वाचून गेले. पण मला त्या ताटात भाकरीच्या जागी तो पोरगा दिसत होता. मी ताट तसंच पुढं दिलं. मम्मीनं बघितलं. घरी आल्यावर विचारलं नाही, रात्री टेरेसवर कपडे काढायला गेली तेव्हा मी मागून गेलो आणि सगळं सांगितलं, आणि मी रडलो, माझ्या बापाच्या मयताला पण एवढा रडलो नव्हतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उद्या मालकाकडं जावा.

गेलो. काय व्हायचं ते झालं, सुपरवायझरचा परत साचे करणारा मोल्डर झालो, पगार कमी झाला, पंचाचं पद मी आपणहून सोडलं, तुझी स्कूल बस बंद करून सायकलवर न्यायला लागलो ते तुला आठवत असेल, त्याचं कारण तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या पोराला शोधत कागलच्या बाजूला गेलो. एका गुऱ्हाळावर होता, चुलवाणात चिपाडं सारत बसलेला. मी म्हटलं चूक माझी होती, मालकाला सांगितलंय, तुझे बुडालेले पगाराचे पैसे आणलेत. त्यानं पैसे घेतले, मोजले, खिशात घातले आणि परत चिपाडं सारायला लागला. माफ केलं असं म्हणाला नाही. आजपर्यंत म्हणाला नाही. काहिलीतल्या रसाचा वास येत होता, गुळव्या ओरडत होता जाळ कमी कर म्हणून, आणि मी तिथं उभा होतो. पण बाळा, परत येताना एसटीत मी जी प्रार्थना केली ती माझ्या आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना होती. त्याच्या आधी मी देवासमोर पण प्रायमर मारूनच जायचो.

आता मला सांग, माझी तारीख कुठली धरायची? प्रभुभोजनाचा रविवार, की टेरेसवरची रात्र, की मालकाची केबिन, की तो गुऱ्हाळाचा दिवस? लोक मला साक्ष द्यायला बोलवतात तेव्हा मी एक तारीख सांगतो कारण लोकांना ती लागते, पण नेमका कुठल्या क्षणी मी जन्मलो ते मला स्वतःला माहीत नाही. प्रभूनं निकदेमाला वाऱ्याचं उदाहरण दिलं ते म्हणूनच असणार, ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा दोघांना एकच शब्द आहे. वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण कुठून आला ते कळत नाही. वळवाच्या दिवसात रंकाळ्यावर उभा राहिलायस ना, पाणी एकदम काळं होऊन हलायला लागतं, वारा नेमका कधी सुटला ते कोण सांगेल, पण सुटलाय ह्यात शंका नसते.

आणि निकदेमाचंच बघ, त्याच्या नव्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाहीच. तिसऱ्या अध्यायात तो रात्री आला, प्रश्न विचारले आणि गेला, विश्वास ठेवला की नाही काही लिहिलेलं नाही. मग सातव्या अध्यायात सभेत सगळे प्रभूच्या विरोधात असताना तो एक वाक्य बोलतो, की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का. आणि मग एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य पळून गेलेले असताना, हा माणूस गंधरस आणि अगरू घेऊन प्रभूचं शरीर पुरायला येतो, आजच्या मापात तीस-बत्तीस किलो भरेल एवढं. रात्री लपून आलेला माणूस एवढं ओझं घेऊन उघड उघड आला. मधे कधीतरी तो जन्मला. कधी ते देवाला माहीत.

तू पुण्यात आहेस म्हणून पंडिता रमाबाईंचं सांगतो. संस्कृतच्या केवढ्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी सरस्वती पदवी दिलेली. १८८३ ला त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आपल्यासारखा पाळण्यात नाही, चांगल्या मोठ्या झाल्यावर, विचार करून. १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. आणि एवढं सगळं करून झाल्यावर त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली तेव्हा त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. विचार कर, रमाबाईंसारख्या बाईला हे म्हणावं लागलं. जो प्रश्न तू मला फोनवर विचारलास तोच त्यांनी स्वतःला विचारला होता. म्हणून तुझा प्रश्न ऐकून मला भीती नाही वाटत बाळा, मला तर वाटतं वारा सुटलाय. मेलेल्या माणसाला आपण जिवंत आहे की नाही ह्याची काळजी लागत नाही.

आता मम्मीचं. तिला कधी विचारलंस का तिची तारीख? तिच्याकडं नाही. ती म्हणते मला आठवतंय तेव्हापासून प्रभू आहे, आजी भाकरी थापता थापता प्रार्थना करायची ती ऐकतच मोठी झाले. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचं तसंच होतं, आजी लोईस, आई युनीके, आणि मग तो. त्याला काही पौलासारखा दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश पडला नव्हता. पण ज्या रात्री मी तिला सगळं सांगितलं त्या रात्री पगार जाणार, पद जाणार, लोक बोलणार हे सगळं तिला दिसत होतं आणि तरी ती म्हणाली उद्या जावा. एका शब्दानं टोचलं नाही. तारखेचा माणूस मी, पण आमच्या दोघात पुढं जन्मलेलं कोण होतं तूच ठरव.

एक गोष्ट मात्र लपवत नाही, नवा जन्म झाला म्हणजे माणूस लगेच गुळगुळीत होत नाही. साच्यातून काढलेलं कास्टिंग बघितलंयस ना, वाळू चिकटलेली, रस ओतायच्या वाटांचे रनर रायझर तसेच लोंबत असतात. ते तोडायचं, घासायचं, फेटलिंग करायचं, त्यात ठिणग्या उडतात आणि वेळ जातो. पण ते फेटलिंग नव्या मालाचं असतं. भोकाच्या मालाला कितीही घासलं तरी आत भोकच. माझा राग अजून गेलेला नाही हे तुला चांगलं माहीत आहे, तुझ्या बारावीच्या वेळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं, त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही, आज मागतो. पंधरा-सोळा वर्षं झाली, अजून घासणं चालूच आहे. फरक एवढाच की पूर्वी चुकलो की झाकायचो, आता झाकून झोप लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हात वर करायला सांगितलं तर नाही केलास तरी चालेल. पण तारीख शोधत मागं मागं जाऊ नकोस. एकटा बस, एक्कावन्नावं स्तोत्र उघड, हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर, एवढंच मनापासून म्हण, आणि म्हणताना ज्या गोष्टीवरून मन पटकन पुढं सरकतंय असं वाटेल तिथं थांब. ती काय असेल मला माहीत नाही, विचारणार पण नाही. सांगावंसं वाटलं तर पप्पा ओरडणार नाही, मम्मीसमोर शब्द देतोय.

शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघतो, रविवारी पहाटे स्वारगेटला असेन. उपासना झाली की तुझी इच्छा असेल तर केडगावला जाऊन येऊ, रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच आहे, मी पण अजून बघितलेलं नाही. मम्मी तांबड्या रश्श्याचा मसाला देणार आहे आणि ती म्हणते त्या रूम पार्टनरला पण जेवायला बोलव, त्याचा प्रश्न चांगला होता.

तुझा,
पप्पा