तळमजल्यावरच्या काकूंना

विलेपार्ले (पूर्व), मुंबई

प्रिय काकू,
सा. न.

आभार मानायला मी दोनदा तुमच्या दारात आलो. दोन्ही वेळा तुम्ही "आधी बस, चहा घे" म्हणालात, मग बोलणं आईच्या पायावर गेलं आणि माझं सांगायचं राहून गेलं. म्हणून लिहितो. चारचौघांत लिहितो, कारण कुंडीतल्या झाडांना भसाभस खत घालायची मी केलेली चूक घराघरांतून होत असणार आणि प्रत्येकाच्या इमारतीत तुमच्यासारख्या काकू नसतात.

मार्चमध्ये आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने तिचं सगळं जग म्हणजे पलंग आणि समोरची खिडकी. खिडकीत तिनेच वाढवलेली पीस लिली, तिच्या शेजारी अरेका पाम, आणि ग्रिलवर चढवलेला मनीप्लांट. ती दवाखान्यात असताना पाणी घालायचं राहिलं, पानं पिवळी पडली. ती घरी येईपर्यंत झाडं टवटवीत दिसायला हवीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाण्यात विरघळवून घालायच्या १९:१९:१९ खताचं पाकीट आणलं. लिटरला एक-दोन ग्रॅम असं त्यावर छापलेलं होतं. मी दर लिटरला चमचा शिगोशीग भरला, तोही आठवड्यातून दोनदा, आणि कोरड्या ठणठणीत मातीत ओतला.

मे उजाडला तेव्हा पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत झाली होती. मग कडाही करपत आत सरकल्या. लिलीने तर मान टाकली. तहान लागली असेल म्हणून पाणी वाढवलं, अशक्त झाली असेल म्हणून पुन्हा खत. आई पलंगावरून बघायची, काही बोलायची नाही. तिच्या गप्प बसण्याने मला जास्त लागायचं.

तुम्ही आईला भेटायला आलात त्या संध्याकाळी मी काहीही विचारलेलं नव्हतं. तुम्ही सरळ खिडकीशी गेलात, कुंडीत बोट खुपसलंत आणि म्हणालात, "माती तर ओली आहे. मग झाड का सुकतंय?" मातीवरचा पांढरा थर नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवलात. मला ती बुरशी वाटत होती.

"कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की काय होतं?"

"पाणी सुटतं."

"मुळांचं तेच झालंय. खताचे क्षार इतके साठलेत की मुळांनी मातीतलं पाणी ओढायचं, तर मातीच मुळांतलं पाणी ओढतेय."

शाळेत हे मी आकृतीसकट शिकलो होतो, मार्कही मिळाले होते. पण ते कळलं त्या दिवशी. ओल्या मातीत झाड तहानेने का मरतं, हे एका लोणच्याने समजावलंत. पालिकेच्या शाळेतल्या तुमच्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटला.

पुढचं सगळं तुम्ही पदर खोचून करून घेतलंत. वरची अर्धा इंच माती चमच्याने काढून टाकली. कुंड्या न्हाणीघरात नेल्या, भोकं मोकळी आहेत ना ते काडी घालून पाहिलं. पाच लिटर मातीला पंधरा ते वीस लिटर पाणी, हा तुमचा हिशोब. तेही एकदम नाही. थोडं ओतायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. मे महिना, सोसायटीत पाणी सकाळी तासभर. माझा चेहरा पाहून तुम्ही स्वतःच्या दोन बादल्या वर पाठवल्यात. खालून निथळलेलं पाणी मी दुसऱ्या कुंडीत घालायला निघालो तेव्हा हात धरलात: "त्यातच तर सगळं मीठ आहे. संडासात ओत." त्या उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको.

ताटल्याही तुम्हीच काढायला लावल्यात. निथळलेलं पाणी ताटलीत राहिलं की माती ते परत शोषते, आणि क्षार पुन्हा वर येतात. बाहेरच्या कुंड्या जून ते सप्टेंबर पावसात आपोआप धुतल्या जातात, घरातल्या कधीच नाहीत, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. माझ्या मनात होतं की यापुढे शेणखतच घालावं, ते काही जाळत नाही. तर तुम्ही म्हणालात, कच्चं शेण आणि कोंबडीखतसुद्धा मुळं भाजतं, चांगलं कुजलेलं असेल तरच घाल.

आणि मग सर्वांत अवघड काम दिलंत. काही करायचं नाही. सहा आठवडे खताचा कणही नाही, कडक ऊन नाही, मातीचा वरचा थर सुकला तरच पाणी. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नसतं, म्हणून जुन्या पानांकडे बघत बसू नकोस, नव्या कोंबाकडे बघ, असं म्हणालात. काकू, ते सहा आठवडे मला जड गेले. आईसाठी मी सतत काहीतरी करत होतो, औषधं, व्यायाम, फेऱ्या. हात बांधून खिडकीसमोर बसणं मला जमत नव्हतं. तुम्ही रोज संध्याकाळी जिन्यातून हाक मारून विचारायचात, "काही घातलं नाहीस ना?" त्या हाकेचा मला आधार होता.

अरेका वाचला नाही. उपटून पाहिला तर मुळं तपकिरी, लिबलिबीत, एकही पांढरं मूळ नव्हतं. वाईट वाटलं, अजून वाटतं. लिलीची तीन पानं उरली होती. आषाढात मधोमध एक हिरवी सुरळी दिसली. मला नाही, आईला दिसली. वॉकर धरून ती पहिल्यांदा खिडकीपर्यंत आपणहून चालत गेली ती ही सुरळी जवळून बघायला. काकू, मी कशाबद्दल आभार मानतोय ते तुम्हाला आता कळलं असेल.

एकदाही "एवढं कशाला घातलंस" असं तुम्ही मला म्हणाला नाहीत. आईसमोर तर नाहीच.

मनीप्लांटची कुंडी गेली, पण धडधाकट वेली पेराखाली कापून तुम्ही तुमच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या होत्या, साध्या पाण्यात. त्यांना बोटभर लांब पांढरी मुळं फुटली आहेत. दोन वेली मी मातीत लावल्या. तिसरी बरणीतच आहे, कारण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही असं आईने बजावलंय.

रविवारी सकाळी पाणी येऊन गेलं की खाली घेऊन येतो. आईही येईन म्हणतेय, एक-एक पायरी करत. चहा टाकून ठेवा.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा