शेक्सपिअरचं 73 वं सुनीत वाचताना

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

प्रेम आणि म्हातारपण यांवरच्या इंग्रजी कविता वाचायच्या, तर सुरुवात शेक्सपिअरच्या 73 व्या सुनीतापासून करा. त्याची 154 सुनीतं 1609 साली लंडनमध्ये छापली गेली. सुनीत (सॉनेट) हा चौदा ओळींच्या कवितेचा प्रकार केशवसुतांमुळे तुमच्या ओळखीचा आहेच. इथे चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळी आहेत.

बाबा, वृत्तात म्हणायची तुमची सवय इथे जरा आड येईल. ओळ लघु-गुरूवर नाही, आघातांवर चालते, साधारण पाच आघात. चाल लावलीत तर अर्थ बुडेल. बोलल्यासारखं म्हणा आणि स्वल्पविराम पाळा. दुसरीच ओळ बघा: पिवळी पानं, 'ऑर नन, ऑर फ्यू'. आधी 'एकही नाही', मग 'थोडी'. सगळं गळून गेलं असं म्हणून तो पुन्हा वर बघतो, तर दोन-चार पानं अजून आहेत! घाईत वाचलं की हे निसटतं.

चौथ्या ओळीत गायकांविना ओसाड पडलेलं प्रार्थनास्थळ येतं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने 1536 ते 1540 या काळात मठ बंद केले. त्यांचे भग्नावशेष शेक्सपिअरच्या काळातही उभे होते.

पुढे काळ आखडत जातो. आधी सरतं वर्ष, मग मावळता दिवस, मग नुसता विस्तव. आई, हा विस्तव तुला लगेच कळेल. ज्या लाकडावर तो पोसला त्याचीच राख साचून तो विझत चाललाय, बाहेरून कुणी पाणी ओतलेलं नाही. आणि तिन्ही गटांच्या सुरुवातीला 'माझ्यात तुला हे दिसतं' असं येतं. म्हणजे म्हातारपणाकडे समोरचं माणूस बघतंय, जवळून, नजर न वळवता.

अँड्र्यू मार्व्हेल या इंग्रज कवीची लाजऱ्या प्रेयसीला उद्देशून लिहिलेली कविता त्यानंतर घ्या. ती 1681 साली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी छापली गेली. वेळ अमाप असता तर. पण तो नाही. म्हणून आत्ताच, असा 46 ओळींचा युक्तिवाद आहे. फार हुशार कविता, पण घाई तरुणाची. 73 व्या सुनीतात कुणी कुणाला घाई करत नाही. शेवटच्या दोन ओळी एवढंच म्हणतात, की हे सगळं तुला दिसतं, म्हणूनच तुझं प्रेम अधिक घट्ट होतं. तुमच्याकडे बघताना मला हेच वाटतं, म्हणून हे सुनीत आधी.

तुमची लेक