जोहान्सबर्गचे जुने शहर का गाळायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला दक्षिण आफ्रिकेवरचा प्रवासलेख वाचला. केपटाउनचा टेबल माउंटन, सिंह-हत्तींची अभयारण्ये, सँडटनचे मॉल, सगळे लेखकाने हौसेने लिहिले आहे. जोहान्सबर्गच्या डाउनटाउनपाशी, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागापाशी, येताच मात्र त्यांनी विषय एका वाक्यात उरकला: तिथल्याच लोकांनी ‘तिकडे पाऊल टाकू नका’ असे सांगितले, म्हणून गेलो नाही. मुलगी-जावई त्या शहरात असल्यामुळे आमचे तिकडे जाणे झाले आहे आणि हा सल्ला आम्हालाही चारी बाजूंनी मिळाला होता. तरी आम्ही उभयता डाउनटाउन पाहून आलो. गोव्यातून तिकडे जाणाऱ्यांनी त्या एका वाक्यावर विसंबून जुने शहर गाळू नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

भीती खोटी नाही, हे आधीच सांगते. २०२२-२३ या वर्षात दक्षिण आफ्रिकेत २७ हजारांहून अधिक खून नोंदले गेले. आपल्या देशातला २०२२ चा आकडा त्याच्या आसपासचाच, साडेअठ्ठावीस हजार. पण आपण १४० कोटी आणि ते सहा कोटी. तेव्हा ‘काही होत नाही हो’ म्हणत गळ्यात कॅमेरा अडकवून भटकणाऱ्यांतली मी नव्हे.

पण सल्ला देणारा कोण, हेही पाहावे की नाही? मुलगी उत्तरेकडच्या वसाहतीत राहते. तिथे कुंपणागणिक विजेच्या तारा आणि फाटकागणिक सशस्त्र पहाऱ्याच्या कंपनीची पाटी. शेजारी फार भले. आम्ही डाउनटाउनचे नाव काढताच एक गृहस्थ अक्षरशः उठून उभे राहिले. त्यांना सहज विचारले, तुम्ही शेवटचे कधी गेला होता? बराच वेळ आठवून म्हणाले, शेअर बाजार तिथे होता तेव्हा. तो उत्तरेकडच्या सँडटन उपनगरात हलला २००० साली! यात त्यांना हसण्यासारखे काही नाही म्हणा. आपणही फोंड्यात बसून पाहुण्यांना ‘रात्रीचे बागा-कळंगुटला जाऊ नका’ असे बजावतो आणि स्वतः तिकडे वर्षानुवर्षे फिरकलेलो नसतो.

मुलीकडे कामाला येणारी बाई सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वस्तीत राहते. मिनीबस टॅक्सीने डाउनटाउनला उतरायचे आणि तिथून दुसरी टॅक्सी पकडायची, हा तिचा रोजचा रिवाज. तर्जनी आभाळाकडे केली की ‘टाउनला जायचे’ हे टॅक्सीवाल्याला कळते, हेही तिनेच दाखवले. तिने ‘जाऊ नका’ म्हटले नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, रविवारी नको, कारण दुकाने बंद असली की रस्ते ओस पडतात आणि ओस रस्ताच वाईट. फोन हातात धरू नका, वाटेत कुठे पाहायचा झाला तर दुकानात शिरा. एटीएमपाशी कोणी मदतीला आले तर मागे फिरा. पासपोर्ट घरी ठेवा, झेरॉक्स न्या. पार्क स्टेशनच्या बाहेर रेंगाळू नका, आणि हिलब्रोच्या गल्ल्यांत तर शिरूच नका. शेवटी माझ्या गळ्याकडे बोट करून म्हणाली, हे काढून ठेवा. मंगळसूत्र काढून ठेवायला आमची पिढी सहजी तयार होत नाही, पण मी ठेवले. शेजाऱ्यांच्या काळजीपेक्षा हे तपशील मला जास्त उपयोगी पडले.

आम्ही पायी फिरवणारा तिथलाच एक वाटाड्या ठरवला आणि त्याच्याबरोबर गेलो. पहिला मुक्काम गांधी चौक. म्हणायला बसस्थानक, पण मधोमध तरुण बॅरिस्टर गांधी उभे आहेत, अंगावर वकिलाचा झगा. पंचा नाही, काठी नाही. हा पुतळा २००३ चा. त्यांची कचेरी इथून जवळच, रिसिक आणि अँडरसन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होती. याच चौकातल्या जुन्या न्यायालयात ते अशिलांसाठी उभे राहत, आणि १० जानेवारी १९०८ रोजी तिथेच आरोपी म्हणून उभे राहून त्यांनी दोन महिन्यांची शिक्षा ऐकली. जन्मभर इतिहास शिकवला, पण पीटरमारित्झबर्गच्या फलाटापुढे आमचे पाठ्यपुस्तक कधी सरकले नाही. सत्याग्रहाचा प्रत्यक्ष उगम या शहरातला, ११ सप्टेंबर १९०६ च्या एम्पायर थिएटरमधल्या सभेतला. पुढे १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीच्या आवारात भल्यामोठ्या लोखंडी कढईत भारतीयांचे दोन हजारांवर नोंदणी-परवाने निषेध म्हणून जाळले गेले. ती मशीद आजही उभी आहे, फोर्ड्सबर्गच्या वेशीवर, आणि समोर त्या कढईचे स्मारक आहे. भारतातून सात-आठ हजार किलोमीटर उडून गेलेला माणूस हे सोडून मॉलमध्ये बूट बघत हिंडतो, याचे मला खरोखर नवल वाटते.

मॅजिस्ट्रेट कोर्टासमोर चॅन्सेलर हाउस आहे. मंडेला आणि ऑलिव्हर टॅम्बो यांनी १९५२ मध्ये आपली वकिलीची कचेरी इथे थाटली. इमारत भारतीय वंशाच्या मालकाची होती म्हणूनच त्यांना तिथे जागा मिळाली. समोर मंडेलांचे मुष्टियोद्ध्याच्या पवित्र्यातले पोलादी शिल्प आहे.

मग टेकडीवरचे कॉन्स्टिट्यूशन हिल. गांधींना ठेवले तो हा तुरुंग, आणि १९६२ मध्ये मंडेलाही इथे होते. ‘नंबर फोर’ या कृष्णवर्णीयांच्या विभागात भिंतीवर एक तक्ता लावला आहे: कोणत्या वर्णाच्या कैद्याला काय आणि किती खायला द्यायचे. माणसांची प्रतवारी मका आणि मांसाच्या मापाने केलेली. गांधींच्या वेळच्या भारतीय कैद्यांना सकाळी मक्याचा पॅप, म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी, पचेना, म्हणून त्यांनी तांदळासाठी तक्रार केली होती. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेले आम्ही दोघे त्या तक्त्यापुढे बराच वेळ उभे होतो. पुढच्या कोठडीत कैद्यांनी घोंगड्यांच्या घड्या घालून रचलेल्या रणगाड्याचा नमुना आहे. नुसत्या घड्या, टाका कुठेही नाही. याच आवारात देशाचे संविधान न्यायालय बसते. कच्च्या कैद्यांची इमारत पाडून तिच्याच विटा न्यायालयाच्या भिंतींत घातल्या आहेत आणि दारावर न्यायालयाचे नाव अकरा भाषांत आहे. २००४ पासून हे न्यायालय तिथे आहे. कोणीही आत जाऊन बसू शकतो.

आणि रस्ते? पदपथावर टोमॅटो-कांद्याचे वाटे लावून बसलेल्या बायका पाहिल्या आणि वाटले, म्हापशाचा शुक्रवारचा बाजारच पाहतो आहोत. पलीकडे केस गुंफणाऱ्या मुली. एकीच्या डोक्यावर दोघीजणी काम करत होत्या, तिसरी तोंडात दोऱ्यासारखे कृत्रिम केस धरून उभी. मी पाहते आहे हे दिसल्यावर त्यांनी माझ्या अंबाड्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटले आणि सगळा पदपथ हसला. काय म्हणाल्या ते वाटाड्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

एकदा त्याने आम्हाला अचानक चपलांच्या दुकानात वळवले. पाठीमागून दोन पोरे बरीच वाट चालत आली होती, ती पुढे निघून जाईपर्यंत आम्ही चपला बघितल्या. पैसे देऊन वाटाड्या घ्यायचा तो यासाठी. रस्ते दाखवायला नकाशाही पुरतो.

या भागाची ही दशा का झाली, हेही एका ओळीत झटकण्यासारखे नाही. १८८६ मध्ये सोने सापडले म्हणून उभे राहिलेले हे शहर. वर्णभेदाची पकड सैल होऊ लागली तशा गोऱ्या कंपन्या आणि घरमालक उत्तरेला सरकले, मागे सोडलेल्या इमारती टोळ्यांनी बळकावल्या आणि खोल्यांचे तुकडे करून गरिबांना भाड्याने दिल्या. ३१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे अशाच एका इमारतीला आग लागून सत्तरहून अधिक माणसे गेली. ती इमारत महापालिकेच्या मालकीची. एके काळी कृष्णवर्णीयांना शहरात वावरण्याचे पास तिथे मिळत. भाडे देऊन, कुलपे लावून, पोरांना शाळेत पाठवून हजारो माणसे आजही या भागात राहतात. ‘तिकडे पाऊल टाकू नका’ या सल्ल्यात ती कुठेच नसतात.

गोव्यातल्या पर्यटन कंपन्यांना एक सुचवते. दक्षिण आफ्रिकेच्या सहलीत जोहान्सबर्गचा उपयोग बहुधा विमान बदलून रात्र काढण्यापुरताच होतो. तिथे अर्धा दिवस स्थानिक वाटाड्यासह डाउनटाउनला द्यावा. घोळका आठ-दहा जणांचा असावा, सकाळी नऊला निघून दुपारच्या जेवणाला परत. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी लाल दुमजली पर्यटक बसही आहे. ज्येष्ठांना काय झेपते आणि काय नाही, हे मुंबईच्या मुख्य कचेरीने ठरवण्यापेक्षा ज्येष्ठांनाच विचारावे.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात जोहान्सबर्गच्या डाउनटाउनमधल्या कार्लटन सेंटरला आफ्रिकेतली सर्वांत उंच इमारत म्हटले आहे. १९७३ मध्ये झालेल्या या ५० मजली इमारतीकडे तो मान खूप वर्षे होता, पण २०१९ मध्ये सँडटनच्या लिओनार्डोने तो घेतला आणि आता इजिप्तच्या नव्या राजधानीतला आयकॉनिक टॉवर या दोघांच्याही पुष्कळ वर गेला आहे. पुढच्या अंकात तेवढे छापावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
फोंडा, गोवा