सूचना लागते, पण मुदत संपल्यावर

मी पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या विभागाचा सूचनाफलक काचेच्या कपाटात, कुलूपबंद. किल्ली एका शिपाईकाकांकडे. ते रजेवर, तर फलकही रजेवर! गेल्या महिन्यात उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्तीचं पत्रक तिथं दिसलं. आधी आनंद झाला, मग खालची ओळ वाचली. मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. पत्रकावर कार्यालयाचा आवक शिक्का मात्र तीन आठवडे आधीचा.

अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ पासून आहे, युरोपातली इरॅस्मस १९८७ पासून. या योजना दरवर्षी येतात, त्यांचा हंगामही साधारण ठरलेला असतो. तरी आमच्याकडे प्रत्येक वेळी धावपळच. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना निदान दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, गुणपत्रिकेची प्रमाणित प्रत मिळायला वेगळा वेळ. आदल्या दिवशी कळून काय उपयोग?

स्नेहसंमेलनाचे फलक मात्र महिनाभर आधी फाटकापासून झळकतात (तेही हवेतच, तक्रार नाही). मागणी एवढीच: पत्रक आलं त्याच दिवशी लावा, अंतिम तारीख वर ठळक लिहा आणि त्या कुलपाची दुसरी किल्ली करून घ्या.

– एक विद्यार्थिनी